नकार द्यायचा कोणी?

संशयी : तुम्ही नको असलेल्या प्रत्येक फोनची तक्रार १९०९ वर करता. तुमच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. पण इतक्या वर्षांत त्या तक्रारींतून निघालं काय, ते मला सांगा. २००७ साली ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, पहिले नियम केले. ज्याला जाहिरातीचे फोन नको असतील त्याने ‘डू नॉट कॉल’ यादीत नंबर नोंदवायचा होता. आम्ही नोंदवला, फोन येत राहिले. २०१० मध्ये नवे नियम झाले आणि २०११ च्या सप्टेंबरपासून लागू झाले. टेलिमार्केटिंगवाल्यांना १४० ने सुरू होणारे नंबर मिळाले, म्हणजे घंटी वाजताच कळावं की कोणीतरी काहीतरी विकतंय. लोकांनी १४० दिसलं की फोन उचलणं सोडलं, तशी या मंडळींनी तुमच्या-माझ्यासारखे साधे दहा आकडी नंबर घेतले. मग २०१८ मध्ये ब्लॉकचेनच्या यंत्रणेचे नियम आले. त्या यंत्रणेने एसएमएसना बऱ्यापैकी शिस्त लावली, कॉलना मात्र नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत त्याच नियमांची पुन्हा डागडुजी झाली. आणि या सगळ्या काळात पलीकडचा माणूसच नाहीसा झाला. पूर्वी निदान एखादी मुलगी विचारायची, ‘सर, दोन मिनिटं आहेत का?’ आता रेकॉर्ड केलेला आवाज थेट सुरू होतो. तुम्ही ‘नको’ म्हणालात तरी ऐकायला तिकडे कोणी नसतं. म्हणून मी अनोळखी नंबर उचलतच नाही. ज्याचं खरंच काम असेल तो मेसेज टाकेल.

आग्रही : तुम्ही निवृत्त आहात, पेन्शन खात्यात जमा होते, मुलांचे नंबर सेव्ह आहेत. तुम्हाला हे जमतं. घाटकोपरच्या भटवाडीत राहणाऱ्या इलेक्ट्रिशियनने काय करायचं? त्याला येणारं प्रत्येक नवं काम अनोळखी नंबरवरूनच येतं. मुलुंडला घरून पोळीभाजीचे डबे देणारी बाई, बोरिवलीतली शिकवणी घेणारी मुलगी, अंधेरी स्टेशनबाहेरचा रिक्षावाला, यांचं दुकान म्हणजे त्यांचा फोन. तो वाजला आणि त्यांनी उचलला नाही तर गिऱ्हाईक पुढच्या नंबरवर जातं. ज्याचा बाप राजावाडी रुग्णालयात अ‍ॅडमिट आहे तो मुलगा रात्री दोन वाजता आलेला फोन नंबर न बघता उचलतो, कारण तो वॉर्डमधून असू शकतो. लोकलमध्ये फोन विसरलेला माणूस घरी पोचला की स्वतःच्याच नंबरवर शेजाऱ्याच्या मोबाइलवरून फोन लावतो आणि कोणीतरी अनोळखी माणूस तो उचलेल, या आशेवर थांबतो. उपनगरात आपण रोज अनोळखी लोकांच्या भरवशावरच जगतो. फोन न उचलणं हा उपाय सगळ्यांनी केला, तर या मशिनी हरणार नाहीत. फोन नावाची सोयच आपण त्यांना देऊन टाकलेली असेल.

आणि तक्रारींतून काही निघत नाही, हे खरं नाही. २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांत नोंदणी नसलेल्या टेलिमार्केटरविरुद्ध ७.९ लाखांहून जास्त तक्रारी आल्या. त्यांच्या रेट्यामुळेच ऑगस्टमध्ये ट्रायने कंपन्यांना बजावलं की असल्यांच्या सगळ्या लाइन तोडा. सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत २.७५ लाख जोडण्या तुटल्या आणि पन्नास संस्था काळ्या यादीत गेल्या. २०२५ च्या दुरुस्तीने तक्रारीचं वजन आणखी वाढवलं. पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी आल्या तरच कारवाईला सुरुवात व्हायची, आता दहा दिवसांत पाच पुरतात. पूर्वी तक्रार तीन दिवसांत करावी लागायची, आता सात दिवस मिळतात. कारवाईसाठी कंपनीला पूर्वी तीस दिवस होते, आता पाच आहेत. नंबर कुठल्याही यादीत नोंदवलेला नसला तरी तक्रार घेतली जाते. पाचमधली एक तक्रार माझी असेल तर ती वाया गेली असं मी कसं म्हणू?

संशयी : आकडे बरोबर आहेत, पण ते कशासमोर उभे आहेत ते बघा. ऑटो-डायलर नावाचं सॉफ्टवेअर कसं चालतं? त्याला हजारो नंबरांची यादी देतात. कोण उचलेल याचा अंदाज बांधून ते एकाच वेळी भरपूर नंबर लावतं. ज्याने उचलला त्याला रेकॉर्डिंग ऐकवतं किंवा रिकाम्या एजंटकडे ढकलतं. एजंट रिकामा नसेल तर तुम्ही ‘हॅलो, हॅलो’ करत राहता आणि फोन कट होतो. तुम्हाला वाटतं रेंज गेली. रेंज गेलेली नसते, तुमची जागा दुसऱ्याने घेतलेली असते. तुम्ही उचललात एवढी नोंद मात्र होते, म्हणजे हा नंबर जिवंत आहे, पुन्हा लावायला हरकत नाही. कॉलर ओळखणाऱ्या ट्रूकॉलर अ‍ॅपने २०२१ च्या अहवालात एकाच स्पॅमरचा हिशोब दिला होता. त्या वर्षी जानेवारी ते ऑक्टोबर त्याने भारतात २०.२ कोटींहून जास्त कॉल केले, म्हणजे दिवसाला साडेसहा लाखांच्या वर. एक स्पॅमर! त्याच्यासमोर तुमचं कष्टाने टाइप केलेलं ‘अमुक नंबर, अमुक तारीख, अमुक विषय’. कॉल करायला त्याला जेमतेम काही पैसे लागतात. तक्रार करायला तुम्हाला जेवण अर्धवट सोडावं लागतं, चष्मा शोधावा लागतो. ही लढाई बरोबरीची नाही.

शिवाय नंबर ब्लॉक केला की उद्या तोच आवाज शेवटचे दोन आकडे बदलून येतो. एखादा नंबर तर खोटाही असतो. पडद्यावर दिसतो एक, कॉल येतो भलतीकडून. त्याची तक्रार तुम्ही केलीत तर नोटीस कोणाला जाणार? ज्या बिचाऱ्याचा नंबर वापरला गेला त्याला.

आग्रही : खोट्या नंबरांबद्दल तुम्ही म्हणता तो धोका आहे. पण तिथेही सगळे हातावर हात ठेवून बसलेले नाहीत. परदेशातून येणारे पण पडद्यावर +९१ दाखवणारे कॉल थांबवण्याची यंत्रणा २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. पहिल्या चोवीस तासांत तिने १.३५ कोटी कॉल अडवले, असं दूरसंचार खात्याने सांगितलं. हे कॉल तुमच्या-माझ्या तक्रारीने अडवता आलेच नसते. ते नेटवर्कच्या दारातच अडवायला हवे होते आणि अडवले गेले.

मला वाटतं आपण तीन वेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत टाकतोय. नोंदणी केलेला धंदा, नोंदणी न करता चाललेला धंदा आणि सरळ लुटालूट. पहिल्यासाठी नियम आहेत. जाहिरात करायची तर १४०, व्यवहाराची माहिती द्यायची तर १६०० ची मालिका. तुमच्या कार्डावर खर्च झाला, हप्ता चुकला, असं सांगणारा बँकेचा फोन १६०० वरूनच यावा, असं रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या जानेवारीत बँकांना सांगितलं. दुसऱ्यासाठी १९०९. तिसऱ्यासाठी सरकारच्या संचार साथी पोर्टलवरचं ‘चक्षू’, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० ही सायबर हेल्पलाइन. लोक हे तिन्ही एकत्र करतात आणि मग ‘काही होत नाही’ म्हणतात.

सगळ्यात वाईट काय झालंय, ते सांगते. प्रतिष्ठित धंद्यांनी दहा आकडी नंबर वापरून रस्त्यावर धुरळा उडवला आणि त्या धुरळ्यात चोर शिरले. ‘तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार आहे, अधिक माहितीसाठी ९ दाबा’ हा रेकॉर्ड केलेला फोन तुम्हालाही आला असेल. तो ट्रायच्या नावाने येतो. ज्या संस्थेकडे आपण गाऱ्हाणं घेऊन जायचं, तिचंच नाव घेऊन! आम्ही असे फोन करत नाही, असं ट्रायला पुन्हा पुन्हा जाहीर करावं लागलं. ९ दाबलं की पुढे पोलीस, मग सीबीआय, मग व्हिडिओ कॉलवरची ‘डिजिटल अटक’. देशभर लोकांना आलेल्या या फोनांमध्ये मुंबई पोलिसांचं आणि अंधेरीचं नाव किती वेळा घेतलं गेलं आहे! मी अंधेरीत राहते. दुसऱ्या राज्यातल्या कुठल्यातरी म्हाताऱ्या माणसाला घाबरवण्यासाठी माझ्या गावाचं नाव वापरलं जातंय, हे मला फार लागतं.

संशयी : ते लागायलाच हवं. पण इथे मला एक वेगळी बाजू मांडायची आहे, आणि ती तुम्हाला आवडणार नाही. या उपनगरांनी फोन फक्त घेतलेले नाहीत, केलेही आहेत. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडला कॉल सेंटरवर छापे घातले. तिथून अमेरिकेतल्या लोकांना फोन जायचे. ‘तुम्ही कर बुडवला आहे, अटक होईल, आत्ता पैसे भरा.’ पोलिसांनी ताब्यात घेतलेली माणसं सातशेहून जास्त होती, त्यातल्या सुमारे सत्तर जणांना अटक झाली. पोलिसांनी ज्याला सूत्रधार म्हटलं तो सागर ठक्कर पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये दुबईहून परतताना मुंबई विमानतळावर पकडला गेला. पण त्या सातशेंमध्ये बहुतेक विशीतली पोरं होती. बारावी झालेली, इंग्रजी जरा बरं बोलणारी, दहिसर-बोरिवलीवरून रात्रीच्या पाळीला जाणारी. आज आपल्याला ‘डिजिटल अटके’ची जी संहिता ऐकवली जाते तिची पूर्वतयारी तिथे झाली होती. घाबरवा, विचार करायला वेळ देऊ नका, फोन ठेवू देऊ नका.

म्हणून आपण फक्त बळी आहोत हा सूर मला पटत नाही. मालाडला, ऐरोलीला, वागळे इस्टेटला कायदेशीर कॉल सेंटरांवर आपल्याच घरातली मुलं बसतात. त्यांना टार्गेट असतं. एका पाळीत किती कॉल लागले, किती वेळ बोललात, किती ‘लीड’ निघाले, सगळं पडद्यावर दिसत असतं. आपण त्यांना शिव्या देतो त्या त्यांच्या कानात जातात, मालकाच्या नाही.

आग्रही : आवडणार नाही असं का म्हणालात? मला ते पूर्ण मान्य आहे. माझी भाची दोन वर्षं क्रेडिट कार्ड विकत होती. दिवसभरात सर्वांत चांगला कॉल कुठला, असं मी विचारलं तर म्हणाली, ‘जो माणूस शांतपणे नको म्हणतो आणि फोन ठेवतो.’ त्यामुळे माणसावर ओरडायचं नाही, ही शिस्त मी पाळते. पण तुमच्या या मुद्द्यातून माझाच मुद्दा घट्ट होतो. पलीकडे माणूस होता तोपर्यंत कॉलला एक मर्यादा होती. माणूस दमतो, त्याला पगार द्यावा लागतो, त्याला लाज वाटते. त्या मुलीने ‘नको’ ऐकलं की यादीत खूण तरी व्हायची. मशीनला यातलं काहीच नाही. म्हणूनच स्वयंचलित कॉलचा नियम माणसाच्या कॉलपेक्षा कडक हवा. २०२५ च्या दुरुस्तीत त्याची सुरुवात आहे. ऑटो-डायलर किंवा रेकॉर्डिंग वापरून कॉल करायचे तर टेलिकॉम कंपनीला आधी कळवावं लागतं.

संशयी : सुरुवात आहे, मान्य. पण नियम करणारेच रेकॉर्डिंग ऐकवण्यात मागे नाहीत. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत लाखो घरांत फोन वाजले आणि पलीकडून वाजपेयींचा आवाज आला. तेव्हा कौतुक वाटलं होतं, पंतप्रधान आपल्या घरी बोलले म्हणून. आता प्रत्येक निवडणुकीत उमेदवाराचा आवाज येतो. २०२४ च्या विधानसभेच्या वेळी मतदानाआधीचे शेवटचे दिवस आठवा. दुपारी डोळा लागला की कोणीतरी ‘नमस्कार, मी तुमचा...’ म्हणून सुरू. मत मागणं हा लोकशाहीतला हक्क आहे, पण मशीनने दिवसातून चारदा मागणं हाही हक्कच आहे का? आणि फोन लावला की वाजणारा, सायबर फसवणुकीपासून सावध करणारा अमिताभ बच्चनांचा आवाज! उद्देश चांगला, आवाज चांगला. पण घाईघाईने शेजाऱ्याला फोन लावणाऱ्याने तो आधी संपूर्ण ऐकायचा. अखेर २०२५ च्या जूनमध्ये तो बंद झाला. तोपर्यंत लोक त्याला इतके कंटाळले होते की त्यातला इशारा कानावर पडायचा बंद झाला होता. राज्यकर्त्यांनाच समोरच्याचा वेळ फुकट वाटत असेल तर फ्लॅट विकायला फोन करणाऱ्या बिल्डरला तो का वाटू नये?

आग्रही : इथे मी तुमच्या बाजूची आहे. राजकीय पक्षांनी स्वतःला वगळून घेणं मला खटकतं. पण ते सुधारत नाहीत म्हणून बिल्डरला सोडा, हे उत्तर असू शकत नाही. मला एक सांगा. तुम्ही फोन उचलत नाही, तक्रार करत नाही. मग तुमचा उपाय काय? कॉलर ओळखणारं अ‍ॅप?

संशयी : ते अ‍ॅप मी काढून टाकलं. ते मला अनोळखी माणसाचं नाव सांगतं, कारण त्या माणसाच्या ओळखीच्या कोणीतरी आपलं सगळं फोनबुक त्याला दिलेलं असतं. म्हणजे नको असलेल्या कॉलपासून वाचण्यासाठी मी माझ्या दोनशे ओळखीच्यांचे नंबर त्यांना न विचारता कंपनीच्या हवाली करायचे. ज्या दुखण्यासाठी औषध घेतो तेच दुखणं मी दुसऱ्याला देतोय. नंबरच्या खऱ्या मालकाचं नाव टेलिकॉम कंपनीनेच दाखवावं, अशी शिफारस ट्रायने २०२४ मध्ये केली. ती जास्त सरळ वाट आहे.

एक काळ असा होता की मला सूड घ्यावासा वाटायचा. ब्रिटनमध्ये ओ२ कंपनीने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ‘डेझी’ नावाची कृत्रिम आजी तयार केली. ती फसवणाऱ्यांशी लांबलचक बोलत राहते, विणकाम आणि मांजरीच्या गोष्टी सांगते आणि त्यांचा वेळ खाते. वाचून बरं वाटलं. मग वाटलं, उद्या तिकडेही मशीन, इकडेही मशीन, दोघं रात्रभर एकमेकांशी बोलत बसणार आणि टॉवर, वीज, लाइन यांचा खर्च शेवटी आपल्या रिचार्जमधून जाणार. त्यात कोणाचं भलं आहे?

माझ्या मते आपण दोघंही चुकीच्या टोकाला उभे आहोत. तुम्ही फोन वाजल्यानंतर तक्रार करता, मी फोन वाजल्यानंतर उचलत नाही. घंटी दोघांकडेही वाजून गेलेली असते. आपला नंबर बाहेर पडला कधी? कांदिवलीला सॅम्पल फ्लॅट बघायला गेलो, रजिस्टरमध्ये नंबर लिहिला. मॉलमध्ये मोटारगाडीच्या लकी ड्रॉचं कूपन भरलं. सोसायटीचं रीडेव्हलपमेंट निघालं आणि सभासदांची यादी कोणाकोणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली, देव जाणे. तेव्हापासून घोडबंदरपासून पनवेलपर्यंतचे टू बीएचके मला रोज बोलावतात. कपड्यांच्या दुकानात बिल करताना ‘मोबाइल नंबर?’ असं विचारलं की आपण पोपटासारखे सांगतो. नंबर दिल्याशिवाय बिल नाही असा आग्रह दुकानदारांनी धरू नये, असं ग्राहक व्यवहार खात्याने २०२३ च्या मे महिन्यात सांगितलं. काउंटरवर किती जणांना ते माहीत आहे? मागे रांग उभी असते, मुलगी थांबलेली असते, आपल्याला वाद नको असतो. तिथेच सगळं ठरतं.

आग्रही : आता आपण मुळापाशी आलो. मीही हेच म्हणते, फक्त वेगळ्या बाजूने. २००७ साली एक निवड झाली आणि तिचे परिणाम आपण अजून भोगतोय. ज्याला फोन नको त्याने सांगायचं, असं ठरलं. ज्याला फोन करायचा आहे त्याने आधी विचारायचं, असंही ठरवता आलं असतं. नकार देण्याचं काम आपल्यावर टाकलं गेलं. यादीत नाव घाला, १९०९ ला ‘START 0’ पाठवा, अ‍ॅप उतरवा, तक्रार करा. ज्या बाईला मराठीशिवाय काही वाचता येत नाही आणि जिचा फोन नातू सेट करून देतो, तिच्याकडून आपण ही अपेक्षा करतो. २०१८ च्या नियमांत संमती नोंदवण्याची कल्पना आली. २०२३ च्या जूनमध्ये ट्रायने कंपन्यांना सांगितलं की ग्राहकाची संमती डिजिटल पद्धतीने घ्या, म्हणजे कोणाला आपण हो म्हटलं होतं ते दिसेल आणि मागेही घेता येईल. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या सोबतीने काही बँकांमध्ये त्याचा प्रयोग सुरू झाला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही २०२३ मध्ये झाला आहे. हे सगळं नीट उभं राहिलं तर फोन करणाऱ्याला पुरावा दाखवावा लागेल. मला सिद्ध करायला लागणार नाही की मी नको म्हटलं होतं.

संशयी : उभं राहिलं तर. पण समजा राहिलं. तुमचं म्हणणं मान्य झालं आणि उद्यापासून विचारल्याशिवाय एकही फोन नाही. मघाशी तुम्ही मला इलेक्ट्रिशियन आणि डबेवाल्या बाईची आठवण करून दिलीत. आता मी तुम्हाला विम्याच्या एजंट बाईची आठवण करून देतो. डोंबिवलीला, मुलुंडला, प्रत्येक चाळीत आणि सोसायटीत एक तरी आहे. नवरा गेल्यावर किंवा मिल बंद पडल्यावर तिने विम्याचं काम धरलं. तिच्याकडे एकच सिम आहे. कोणाकडून तरी नंबर मिळवते आणि फोन करते, ‘मी अमक्यांच्या ओळखीने बोलतेय.’ नियमाच्या नजरेत ती नोंदणी नसलेली टेलिमार्केटर आहे. दहा दिवसांत पाच जणांनी तक्रार केली तर तिच्या नंबरवरून पंधरा दिवस फोन लागणार नाहीत. पुन्हा झालं तर वर्षभर जोडणी बंद. तिच्या घरातला तो एकुलता एक फोन. आणि दिवसाला लाखो कॉल करणाऱ्याकडे हजार सिम आहेत, त्यातली पाच गेली तर त्याला समजतही नाही. नियम सारखाच आहे, पण लागतो कोणाला? जी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या नंबरवरून, स्वतःच्या तोंडाने बोलते तिला.

आग्रही : हे मी नाकारणार नाही. माझ्या तक्रारींत अशी एखादी बाई असू शकते, आणि तो विचार मला अस्वस्थ करतोय. पण म्हणून मी सांगते की भेद करायला हवा तो नंबर कुठला, यावर नाही. बोलतोय कोण, यावर. तिने फोन केला तर मी तिला नको म्हणेन, ती पुन्हा करणार नाही. केलाच तर मी तिला पुन्हा शांतपणे सांगेन आणि ती ऐकेल. तिचं आणि माझं काहीतरी नातं लागतं, भले क्षणाचं असो. तक्रारीचा बडगा मशीनसाठी राखून ठेवावा. मी यापुढे रेकॉर्डिंगच्याच तक्रारी करेन आणि सगळ्यांना तेच सांगेन.

संशयी : आणि तुम्ही ओळखणार कसं? रेकॉर्डिंग आपण ओळखतो, कारण ते आपलं ऐकत नाही. आता येणारा आवाज ऐकतो. मला मागच्या आठवड्यात कर्जासाठी एक फोन आला. छान मराठी, मध्ये श्वास घेतल्यासारखा आवाज. मी म्हटलं, ‘आत्ता जेवतोय.’ तिने विचारलं, ‘मग चारनंतर करू का, काका?’ मी ‘काका’वर विरघळलो आणि हो म्हणालो. चारला फोन आला. मी विचारलं, ‘ताई, तुम्ही कुठून बोलता, मालाड का?’ तर तिने मला व्याजदर सांगितला. तेच तीनदा विचारलं, तिन्ही वेळा व्याजदर. मला अजूनही खात्री नाही. ती मशीन असेल, किंवा संहितेबाहेर एक शब्द बोलायची परवानगी नसलेली, दमलेली मुलगी असेल. अमेरिकेत २०२४ च्या फेब्रुवारीत तिथल्या दूरसंचार आयोगाने ठरवलं की एआयने बनवलेला आवाज हाही कृत्रिमच आवाज, आणि रोबोकॉलचे नियम त्याला लागू. पण त्यासाठीसुद्धा आधी कोणीतरी म्हणावं लागतं की हा आवाज बनवलेला आहे. ते कोण म्हणणार?

आग्रही : फोन करणाऱ्याने. पहिल्याच वाक्यात. ‘मी यंत्र बोलतेय, अमुक कंपनीसाठी’, असं. मराठीत, कळेल असं, आणि त्यानंतर थांबून विचारायचं की पुढे बोलू का. तेवढा एक नियम मला हवाय.

संशयी : त्या नियमासाठी मीही सही करेन. पण ज्याने ते वाक्य म्हटलं नाही, त्याची तक्रार करायला तुम्ही १९०९ उघडाल तेव्हा काय लिहाल? पलीकडे मशीन होती हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल, आणि ती मुलगी निघाली तर?